डिश हलवायच्या आधी पाइपाला ओळंबा लावा

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कोपरखैरण्यात चार मजली सोसायटी, गच्चीवर दूरदर्शनच्या फ्री डिशची साठ सेंटीमीटरची छत्री, मे महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं आणि तेव्हापासून बॉक्सवर स्ट्रेंथ ७८ पण क्वालिटी ३२. साधी सर आली तरी सासऱ्यांच्या बातम्या चौकोन चौकोन होतात आणि मग नो सिग्नल. जो माणूस बघायला आला तो पाच मिनिटं वर जाऊन आला आणि म्हणाला डिश जुनी झाली, नवीन घ्या, एलएनबी (डिशसमोरच्या हातावरचं सिग्नल पकडणारं यंत्र) पण बदला.

मी २००७ पासून ठाण्यात हेच काम केलंय, नौपाड्याच्या जुन्या चाळींच्या पत्र्यापासून घोडबंदरच्या सव्विसाव्या मजल्यापर्यंत, आता गुडघ्यामुळे गच्च्या कमी चढतो पण फोनवर लोकांच्या डिश लावून देतो. तर पहिलं म्हणजे डिश जुनी होऊन क्वालिटी कमी होत नाही हो. तो पत्र्याचा वाडगा आहे, त्याच्यात संपण्यासारखं काय आहे? गंज चढतो, खाडीच्या हवेने आपल्याकडे जरा लवकर चढतो, पण गंजलेली छत्री पण व्यवस्थित चालते जोपर्यंत तिचा आकार बिघडत नाही. आकार बिघडलाय का ते बघायला नवीन डिश लागत नाही, दोन दोरे लागतात. एक दोरा काठावरून काठावर उभा ताणायचा, दुसरा आडवा, मध्ये दोघं एकमेकांना जेमतेम टेकले तर वाडगा सरळ आहे. मध्ये बोटभर फट राहिली किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबायला लागला तर कुणीतरी तिच्यावर बसलंय किंवा सिमेंटची गोणी टेकवलीय.

तुमच्या लिहिण्यात मला जो शब्द दिसला तो वॉटरप्रूफिंग. ते लोक काय करतात तर डिशचा पाइप उचलून बाजूला ठेवतात, खाली ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) करतात आणि जाताना पाइप परत होता तिथे आणि अंदाजे होता तसा ठोकून देतात. डिश पाइपावरून हललेलीच नसते, त्यामुळे वर जाणाऱ्याला वाटतं डिश तर जागेवर आहे. पण पाइपच कलला असतो. कोबा उताराचा असतो ना, पाण्याच्या जाळीकडे, मग त्यावर बेसप्लेट ठेवली की पाइप आपोआप उताराकडे झुकतो. दोन-तीन डिग्री डोळ्याला कळत पण नाही.

आणि दोन-तीन डिग्री म्हणजे किती ते सांगतो, कारण सगळं प्रकरण इथेच आहे. फ्री डिशचे चॅनेल येतात जीसॅट-१५ उपग्रहावरून, तो ९३.५ डिग्री पूर्व रेखांशाला, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर. साठ सेंटीमीटरच्या डिशची नजर साधारण तीन डिग्री रुंद असते, म्हणजे मधल्या रेषेपासून दीड डिग्री सरकलात की सिग्नल अर्धा. डिशच्या काठावर एक डिग्री म्हणजे जेमतेम पाच मिलिमीटर, करंगळीच्या नखाच्या अर्धा. पाइप तीन डिग्री कलला तर तुम्ही उपग्रहाच्या जवळपास बाहेरच बघताय, दीड-दोन डिग्री कलला तर चित्र येतं कारण स्वच्छ आभाळात थोडी शिल्लक असते. पहिली सर ती शिल्लक खाऊन टाकते.

आता स्ट्रेंथ ७८ आणि क्वालिटी ३२ हे कसं काय, असं बऱ्याच जणांना वाटतं. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता उभे राहा, आवाज किती मोठा आहे ही झाली स्ट्रेंथ, आणि त्या गर्दीत कुणी तुम्हाला काय सांगितलं ते किती कळलं ही झाली क्वालिटी. स्ट्रेंथमध्ये एलएनबीचा स्वतःचा गोंगाट पण मोजला जातो, काही बॉक्स तर डिश भिंतीकडे तोंड करून ठेवली तरी साठ दाखवतात. म्हणून स्ट्रेंथचा पट्टा बघून डिश फिरवणारा माणूस दिसला की मला राग येतो. स्ट्रेंथचा उपयोग एवढाच की ती शून्य असेल तर केबल तुटलीय किंवा एलएनबीला करंट जात नाहीये. बाकी वेळ क्वालिटी बघा. आणि ह्या टक्क्यांना पण फार मान देऊ नका, प्रत्येक कंपनीचा बॉक्स आपल्या मनाने आकडा काढतो, एका बॉक्सचे ६० दुसऱ्याचे ८५ असू शकतात. तुमच्या बॉक्सवर आधी किती यायचे ते आठवत असेल तर तीच खरी फूटपट्टी.

पण थांबा, पाना घेऊन वर पळू नका. मी स्वतः सुरुवातीला हीच चूक करायचो, क्वालिटी कमी म्हटली की डिश सैल करायचो. वर्तकनगरला एका घरी दोन तास डिश फिरवली, कपाळावर ऊन, क्वालिटी चाळीसच्या वर जाईना, शेवटी घरातल्या आजी म्हणाल्या अरे टीव्हीच्या मागे वायर जरा हलवून बघ, मी हलवली की ती हलते. हलवली तर क्वालिटी एकदम ७५. कनेक्टरच्या आतली जाळीची तार मधल्या तांब्याला घासत होती. डिश आधी बरोबरच होती, मी ती बिघडवून मग परत बरोबर केली आणि आजींकडून चहा पण घेतला, लाज वाटत होती.

म्हणून आधी केबल. एलएनबी उपग्रहाकडून येणारी १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झची लहर खाली उतरवून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झची करते आणि तेवढीच केबलमधून खाली पाठवते, आणि त्याच केबलमधून बॉक्स वर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. म्हणजे एकच वायर दोन कामं करते, आणि ओल लागली की दोन्ही बिघडतात. वॉटरप्रूफिंगवाल्यांनी पाइप हलवताना केबल ताणली असेल, तोडून जोडली पण असेल. एलएनबीवरचा कनेक्टर काढा (आधी खाली बॉक्सचा प्लग भिंतीतून काढून मगच, नाहीतर १८ व्होल्टचा शॉर्ट बॉक्सला जातो) आणि मधली तार बघा. लालसर चकचकीत असेल तर ठीक. काळी किंवा हिरवट असेल तर पाणी आत गेलंय, आणि पाणी केबलच्या जाळीतून वातीसारखं खाली उतरत जातं, म्हणून टोक कापून काळेपणा संपेपर्यंत मागे यायचं. कधी वीतभर, कधी दोन हात. दोन हातानंतर पण काळीच निघाली तर अख्खी केबल बदला, आरजी-६ घ्या, टीव्हीच्या जुन्या अँटेनाची पातळ वायर नको. आणि गच्चीवर कुठे केबल पिळून चिकटपट्टीने जोडलेली दिसली तर तो जोड पहिला उडवायचा. कनेक्टर लावताना मधली तार कनेक्टरच्या तोंडापासून दोन मिलिमीटर बाहेर, जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये. वर रबरी टोपी किंवा चिकट रबरी टेप. आणि एलएनबीतून निघालेली वायर सरळ खाली न आणता एक वेटोळं असं द्यायचं की पावसाचं पाणी वेटोळ्याच्या तळाशी गळून पडेल, कनेक्टरकडे वाहत येणार नाही.

एलएनबीचं तोंड पण बघून घ्या. पुढची पांढरी प्लास्टिकची टोपी उन्हाने तडकते, कावळे चोच मारतात, आणि एकदा ऐरोलीला टोपीच्या आत गांधीलमाश्यांचं मातीचं घर सापडलं होतं, तीन दिवस सिग्नल का नाही याचं उत्तर ते. टोपी फुटली असेल तर एलएनबी बदला, ते काही फार महाग नसतं, फ्री डिशला ९७५०/१०६०० वाला युनिव्हर्सल सांगायचा. पण टोपी धड असेल आणि दिवसभर क्वालिटी एकसारखी ३२ राहत असेल तर एलएनबी बहुतेक ठीक आहे. मरायला टेकलेला एलएनबी दुपारी तापला की गायब होतो आणि रात्री परत येतो, तो प्रकार तुमच्याकडे दिसत नाही. काही चॅनेल येतात आणि काही अजिबात येत नाहीत असा प्रकार असेल तर ते पण वेगळं, पैसे भरायच्या डीटीएचमध्ये ते जास्त दिसतं. १३ व्होल्टला उभ्या पोलरायझेशनचे (म्हणजे उभ्या कंप पावणाऱ्या लहरीचे) चॅनेल लागतात आणि १८ ला आडव्या, लांब आणि हलक्या केबलमध्ये १८ चे वर पोचेपर्यंत १५-१६ होतात आणि अर्धे चॅनेल जातात. स्प्लिटर (एका केबलच्या दोन करणारा जोड) लावून एका डिशवर दोन टीव्ही चालवणाऱ्यांचं पण हेच रडगाणं, एक बॉक्स १३ मागतो दुसरा १८. त्याला दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन केबली हाच इलाज, ज्याने स्प्लिटर विकला त्याला विचारू नका.

आणखी एक गोष्ट बाजूला काढतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र गेलं तर काहीही करू नका. सूर्य तेव्हा बरोबर उपग्रहाच्या मागे येतो, त्याचाच गोंगाट डिशमध्ये भरतो, दोन-चार दिवसांत आपोआप थांबतं. माझ्या कामाला हे दिवस फार उपयोगाचे, त्या वेळी एलएनबीची सावली डिशवर कुठे पडते ते मी घरोघर बघून ठेवायचो, सूर्य फुकटात उपग्रहाची जागा दाखवतो.

आता समोर काही आडवं आलंय का ते. तुमच्याकडे सिडकोच्या जुन्या बिल्डिंगा पाडून टॉवर उभे राहतायत म्हणून हे विचारतो. कोपरखैरण्यातून जीसॅट-१५ कुठे दिसतो तर होकायंत्रावर १३१ डिग्रीला, म्हणजे आग्नेयेला, पनवेल ज्या दिशेला आहे तिच्या थोडं डावीकडे, आणि जमिनीपासून साडेसत्तावन्न डिग्री वर. लोकांना डिशकडे बघून वाटतं ती समोरच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्याकडे बघतेय, तसं नाहीये. आपल्या घरगुती डिश ऑफसेट असतात, एलएनबी मधोमध नसून खालच्या हातावर असतो, त्यामुळे डिश जेवढी वर झालेली दिसते त्यापेक्षा साधारण पंचवीस डिग्री अजून वर तिची नजर असते. काठावर फोनचं लेव्हल ॲप टेकवलं तर उभ्यापासून बत्तीस-तेहेतीस डिग्रीच मागे झुकलेली दिसेल आणि तेच बरोबर आहे. समोरच्या टॉवरचा हिशोब असा करा, तो तुमच्या गच्चीपेक्षा जेवढा उंच आहे त्याला दीडने भागा, अंतर त्यापेक्षा जास्त असेल तर चिंता नाही. तीस मीटर उंच टॉवर वीस मीटरच्या पलीकडे असेल तर फ्री डिशला फरक पडत नाही. पारसिकच्या डोंगराला तर बरेच जण उगाच दोष देतात, डोंगर इथून चार-पाच डिग्री पण वर येत नाही.

बाकी कंपन्यांच्या डिशवाल्यांसाठी आपल्या ठाणे-नवी मुंबईचे आकडे देऊन टाकतो, दरवेळी कुणीतरी विचारतंच. टाटा प्ले ८३ पूर्वेला, दिशा १५२ आणि उंची जवळपास ६५. डी टू एच ८८ ला, दिशा १४१, उंची पावणेबासष्ट. डिश टीव्ही ९५ ला, दिशा १२९, उंची ५६. एअरटेल १०८.२ ला, दिशा ११५ आणि उंची फक्त ४४, म्हणून एअरटेलवाल्यांना समोरचा टॉवर सगळ्यात आधी नडतो, त्यांच्यासाठी टॉवर जेवढा उंच तेवढंच अंतर पाहिजे. शेजारच्याची डिश बघून आपली फिरवणाऱ्यांनी आधी शेजाऱ्याची कंपनी विचारा. आणि ९३.५ आणि ९५ मध्ये दीड डिग्रीचाच फरक आहे हे डोक्यात ठेवा, फ्री डिश शोधताना स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी ठणठणीत शून्य असेल तर बऱ्याचदा तुम्ही शेजारच्या ९५ वर जाऊन बसलेले असता.

दिशा बघायला फोनचं होकायंत्र चालतं, आपल्या भागात चुंबकी उत्तर आणि खरी उत्तर यात फरक जवळपास नाहीच, त्यामुळे आकडा आहे तसा वापरायचा. फक्त पाइपाला चिकटून उभं राहून बघू नका, लोखंडाने सुई कुठेही जाते, पाण्याच्या टाकीजवळ तर स्लॅबच्या सळ्यांनी वीस-तीस डिग्री खोटं सांगते. तीन-चार मीटर लांब जा, दोन-तीन जागी बघा, सगळीकडे तेच उत्तर आलं तर खरं माना.

आता ओळंबा. गवंड्याचा मिळाला तर उत्तम, नाहीतर दोऱ्याला जड नट बांधा. पाइपाच्या एका बाजूने दोरा सोडून बघा, मग नव्वद डिग्री फिरून दुसऱ्या बाजूने. दोन्ही बाजूंनी दोरा पाइपाला समांतर पाहिजे, एकाच बाजूने बघून खूष व्हायचं नाही. कललेला असेल तर बेसप्लेटचे बोल्ट सैल करून ज्या बाजूला झुकलाय तिथे खाली लोखंडी वायसर किंवा पत्र्याचे तुकडे सरकवा, लाकडाची चीप नको, पावसात फुगते. आणि बोल्ट नवीन कोब्यात परत ठोकताना सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून घ्या, नवीन वॉटरप्रूफिंगला भोक पाडलं म्हणून पुढच्या मीटिंगमध्ये तुमचंच नाव निघेल. त्यापेक्षा पाइप पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) आतल्या बाजूला क्लॅम्पने लावता आला तर सोन्याहून पिवळं. विटा आणि फरशीचे तुकडे रचून डिश उभी करणारे पण बघितलेत मी, वळवाच्या पहिल्या वाऱ्यात ती शेजारच्या गच्चीवर सापडते.

गंमत सांगतो, पाइप उभा केला की निम्म्या वेळा काम तिथेच संपतं. खाली फोन लावून विचारायचं क्वालिटी किती आणि समोरून आवाज येतो, अहो ६५ झाली. कारण डिश आणि पाइप यांचं आपसातलं नातं वॉटरप्रूफिंगवाल्यांनी मोडलेलंच नव्हतं, फक्त पाइप पाडला होता. फार तर गोल फिरलेला असेल.

नाहीच झालं तर आता पाना. बहुतेक डिशला दहा-अकराचा आणि बारा-तेराचा पुरतो. खाली टीव्हीसमोर कुणीतरी बसवा, बॉक्सचा सिग्नलचा पडदा उघडून ठेवा आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल, पूर्वी आम्ही गच्चीवरून ओरडायचो आणि खालून बाई भलतंच ओरडायच्या. छोटा टीव्ही आणि बॉक्स वर नेता आला तर त्याहून बरं. बाजारात तीन-चारशे रुपयांना कूं कूं करणारा सिग्नल फाइंडर मिळतो त्याच्या मागे लागू नका, तो फक्त गोंगाट मोजतो आणि कुठल्याही उपग्रहावर तितक्याच आनंदाने ओरडतो.

सगळे नट एकदम सैल करायचे नाहीत. आधी फक्त पाइपाला धरणारे, इतकेच की डिश हाताने ढकलली तर सरकेल पण सोडली तर जागेवर राहील. पाइपावर ब्रॅकेटच्या खाली कागदी टेप चिकटवा आणि आत्ताची जागा पेनने खूण करून ठेवा, काहीच जमलं नाही तर परत यायला. मग डावीकडे केसभर सरकवा आणि थांबा. हे थांबणं लोकांना जमत नाही. बॉक्सचा आकडा दोन-तीन सेकंद मागून येतो, तुम्ही सरसर फिरवत राहिलात तर तो ज्या जागेचं सांगतो ती जागा तुम्ही कधीच मागे टाकलेली असते. सरकवा, तोंडातल्या तोंडात एक दोन तीन चार म्हणा, आकडा विचारा, परत सरकवा.

सगळ्यात जास्त आकडा कुठे आला ते शोधू नका. ऐकायला उलटं वाटेल पण शिखर सपाट असतं, वरच्या दोन-तीन जागी सारखाच आकडा येतो आणि तुम्ही त्यातल्या काठावरच्या जागेला मध्य समजून नट आवळता. त्यापेक्षा क्वालिटी डावीकडे कुठे पडायला लागते तिथे एक खूण, उजवीकडे तेवढीच पडते तिथे दुसरी खूण, आणि डिश दोघींच्या बरोब्बर मध्ये. चाळीस मिलिमीटरच्या पाइपावर ह्या दोन खुणांमध्ये जेमतेम दोन-तीन मिलिमीटर अंतर पडतं म्हणून बारीक टोकाचं पेन घ्या, जाड मार्करची रेघच तेवढी असते. वर-खालीचं पण असंच, ब्रॅकेटच्या डिग्रीच्या पट्टीवर ५७-५८ च्या आसपास सुरुवात करून दोन्ही बाजूच्या खुणा आणि मध्य. ती पट्टी पाइप उभा असेल तरच खरं बोलते, म्हणून मघाशी ओळंब्याचं एवढं लावून धरलं.

इथे आपल्या भागाची एक खासियत आहे. उपग्रह आपल्याला खूप उंचावर दिसतात, त्यामुळे डावं-उजवं थोडं चुकलं तर माफ असतं, दिशेची एक डिग्री आकाशात अर्धीच मोजली जाते. वर-खाली मात्र पूर्ण एक म्हणजे एक. तरी बघावं तर लोक अर्धा तास डिश गोल गोल फिरवत बसतात आणि उंचीच्या नटाला हात लावत नाहीत, कारण तो गंजलेला असतो. आदल्या रात्री त्याच्यावर तेल सोडून ठेवा.

त्यानंतर एलएनबी त्याच्या पकडीत फिरवून बघा. उभी-आडवी लहर आपल्याकडे सरळ न येता तिरपी येते, कारण आपण उपग्रहाच्या खूप पश्चिमेला आहोत, हिशोबाने फ्री डिशला पंचेचाळीस डिग्रीच्या आसपास तिरपेपणा निघतो, पण मी हिशोबावर न जाता क्वालिटी बघत फिरवतो. पकडीचा स्क्रू सैल करा, दोन्ही बाजूंना थोडं थोडं फिरवा, परत दोन बाजूच्या पडण्याचा मध्य. कितीतरी डिश मी बघितल्यात ज्यात बाकी सगळं चोख आणि एलएनबी बसवलेला तसा सरळसोट, दहा-बारा टक्के क्वालिटी तिथेच पडून असते.

आता जे मला माझ्या उस्तादाने शिकवलं आणि मी प्रत्येक डिशला करतो. जुना टॉवेल ओला करा, घट्ट पिळा आणि डिशच्या तोंडावर पांघरा. पाणी ही लहर पिऊन टाकतं, तुम्ही भर उन्हात नकली पाऊस पाडला असं समजा. क्वालिटी ७० वरून ४५ वर येईल किंवा जाईलच. गेली तर टॉवेल अजून पिळा किंवा अर्धीच डिश झाका. आता ह्या कमी आकड्यावर परत एकदा वर-खाली आणि डावं-उजवं केसाकेसाने करा, मघाशी सपाट वाटलेलं शिखर आता टोकदार झालेलं असतं, अर्धा मिलिमीटर सरकलं तरी आकडा हलतो. पावसाळ्यात चालणारी डिश आणि फक्त उन्हाळ्यात चालणारी डिश यातला फरक ह्या टॉवेलमध्ये आहे. नेरुळला एका मेडिकलवाल्याकडे मी टॉवेल काढला तेव्हा क्वालिटी आधीपेक्षा दोनच टक्के जास्त होती, त्याला वाटलं मी नाटक करतोय, जुलै संपल्यावर स्वतःहून फोन केला.

आवळताना सगळ्यांची डिश बिघडते, माझी पण बिघडायची. नट आवळताना पाना डिशला आपल्याबरोबर ओढतो, विशेषतः उंचीचा. एक नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे जायचं नाही, ह्याला पाव फेरा, समोरच्याला पाव फेरा, आणि प्रत्येक फेऱ्याला खाली विचारायचं किती. आकडा पडला तर तिथेच थांबून, सैल करून, थोडं उलट्या बाजूला ठेवून परत आवळा म्हणजे आवळताना ती ओढली जाऊन बरोबर जागी येते. टॉवेल अजून डिशवर असतानाच आवळा, चूक लगेच कळते. शेवटी हाताने डिशचा काठ हलकेच ढकला आणि सोडा, आकडा खाली जाऊन परत तिथेच आला पाहिजे. परत नाही आला तर कुठलातरी नट अजून सैल आहे.

तरीही जुलैत ढगफुटीसारखा कोसळला तर पाच-दहा मिनिटं चित्र जाणार, ते कुणाच्या बापाला चुकलेलं नाही. ह्या लहरीची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास, पावसाचे टपोरे थेंब तिला चांगलेच आडवे येतात. कधी कधी तुमच्या डोक्यावर थेंब नसतो आणि तरी चित्र फुटतं, तेव्हा आग्नेयेला बघा, पावण्याच्या मागच्या डोंगरावर काळंकुट्ट झालेलं असेल, लहर तुमच्याकडे त्याच ढगातून येते. अशा वेळी वर जाऊन डिशला हात लावायचा नाही. ओली गच्ची, विजा आणि पॅरापेटवर चढलेला माणूस हे तिन्ही एकत्र आलेलं मी एकदा घणसोलीला बघितलं, नशिबाने तो आत पडला आणि मनगटावर निभावलं. कोरड्या सकाळी जा, आठ ते दहाच्या मध्ये, चपला रबरी, आणि तुमच्या मिस्टरांबरोबर वर अजून एक माणूस असू दे, निदान टॉवेल पिळायला.

ओळंबा आणि केबल झाल्यावर क्वालिटी किती आली, ओल्या टॉवेलवर किती राहिली हे दोन आकडे आणि एलएनबीच्या कनेक्टरचा मधल्या तारेसकट एक जवळून फोटो टाका. टॉवेलवर पण चाळीसच्या वर असेल तर त्या माणसाला नवीन डिशसाठी बोलवायची गरज नाही. आणि सगळं आवळून झाल्यावर टॉवेल काढून आणा, एकजण तसाच खाली उतरला होता आणि टॉवेल वाळेपर्यंत सिग्नल का नाही म्हणून मला तासभर फोन करत होता.